हिस्टेरिया : वैद्यकशास्त्राचे उचंत खाते

पेढीच्या हिशेबात उचंत खाते असते. एखादी रक्कम कोणत्या खात्यात लिहावी याचा तत्काळ उलगडा होत नसेल, तर ती तात्पुरती येथे मांडली जाते. दक्ष मुनीम वर्षअखेरीपर्यंत तेथील एकेक नोंद शोधून ती योग्य खात्याला वळती करतो. आळशी मुनीम मात्र न जुळणारे सगळे तेथेच लोटतो आणि ताळेबंद जुळल्याचे समाधान मानतो. वैद्यकशास्त्रातही असे एक उचंत खाते दोन हजारांहून अधिक वर्षे उघडे राहिले. त्याचे नाव ‘हिस्टेरिया’.

अकस्मात वाचा बंद होणे, हात वा पाय लुळा पडणे, दातखिळी बसणे, अंग ताठ होऊन झटके येणे, काही काळ दिसेनासे होणे आणि इतके होऊनही तपासणीत दोष न सापडणे, अशा रुग्णांच्या नावापुढे हा शब्द लिहिला जाई. रुग्ण बहुधा स्त्री असे. शब्द लिहिला की वैद्याची जबाबदारी संपे आणि रुग्णाची विटंबना सुरू होई. आज हा शब्द वैद्यकीय वर्गीकरणातून बाद झाला आहे. परंतु घराघरांतील बोलण्यातून तो गेलेला नाही. म्हणूनच त्याचा प्रवास समजून घेणे अगत्याचे आहे.

गर्भाशयावरील आरोप

‘हिस्टेरा’ म्हणजे ग्रीक भाषेत गर्भाशय. रोगाच्या नावातच आरोपीचे नाव आले. त्याहूनही जुनी, इसवी सनापूर्वी सुमारे १८०० या काळातील एक पपायरस पोथी इजिप्तमधील लाहून येथे सापडली आहे. स्त्रियांच्या विकारांवरील या पोथीत डोळ्यांच्या दुखण्याचे कारणही गर्भाशयातच शोधलेले दिसते. ग्रीक वैद्यांच्या परंपरेत ही कल्पना अधिक वाढली. गर्भाशय शरीरात वर सरकते, छातीवर दाब आणते आणि स्त्रीचा श्वास कोंडतो, अशी समजूत रूढ झाली. प्लेटोने तर आपल्या ‘तिमेयस’ या संवादात गर्भाशयाचे वर्णन संततीसाठी आसुसलेल्या प्राण्यासारखे केले आहे.

उपचारही त्याच समजुतीला धरून होते. नाकाशी दुर्गंधी पदार्थ धरायचे, म्हणजे गर्भाशय खाली पळेल. खालच्या बाजूस सुगंधी धुरी द्यायची, म्हणजे ते जागेवर येईल. झटका आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चामड्याची चप्पल धरण्याची रीत आपल्याकडेही पाहावयास मिळते. ग्रीकांजवळ निदान त्यामागे एक उपपत्ती तरी होती. आपल्याकडे केवळ सवय उरली आहे.

या समजुतीला विरोध करणारे त्या काळीही होते. दुसऱ्या शतकातील सोरेनस या वैद्याने गर्भाशय शरीरात भटकते ही कल्पना नाकारली आणि दुर्गंधीच्या उपचारांवरही टीका केली. गॅलेननेही भटकंती अमान्य केली; मात्र विकाराचे मूळ त्याने गर्भाशयाच्या कार्यातच ठेवले. भटकंती गेली, आरोप मात्र कायम राहिला.

चेटूक की व्याधी?

मध्ययुगीन युरोपात झटके आणि वाचा जाणे यांचा संबंध भूतबाधेशी आणि चेटकाशी जोडला गेला. लंडनमधील १६०२ चा एक खटला या दृष्टीने फार बोलका आहे. मेरी ग्लोव्हर ही १४ वर्षांची मुलगी एलिझाबेथ जॅक्सन या वृद्धेशी झालेल्या वादानंतर आजारी पडली. तिला झटके येऊ लागले, वाचा बंद होऊ लागली. वृद्धेने चेटूक केले, असा आरोप झाला. एडवर्ड जॉर्डन या वैद्याने न्यायालयात साक्ष दिली की हे चेटूक नसून नैसर्गिक व्याधी आहे. त्यावर, आपण हा रोग बरा करू शकाल काय, अशी पृच्छा न्यायाधीशांनी केली. जॉर्डनला तशी हमी देता आली नाही. वृद्धेला दोषी ठरविण्यात आले.

पुढच्याच वर्षी, १६०३ मध्ये, जॉर्डनने या व्याधीवर इंग्रजीत एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. दोष त्यानेही गर्भाशयालाच दिला. तथापि ज्याला लोक दैवी वा सैतानी समजतात ते रोगाचे लक्षण असू शकते आणि मेंदूही त्यात ओढला जातो, हे त्याने ठामपणे मांडले. ‘हा रोग आहे’ एवढे म्हणण्यानेही एखाद्या निरपराध स्त्रीचा बचाव होऊ शकतो, याची जाणीव त्यामागे होती.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात थॉमस विलिस याने शवविच्छेदनाच्या आधारे गर्भाशय निर्दोष असल्याचे दाखवून विकाराचे स्थान मेंदू आणि मज्जातंतूंमध्ये असल्याचे प्रतिपादन केले. थॉमस सिडनहॅम याने १६८२ मध्ये लिहिले की, हा विकार जवळजवळ कोणत्याही रोगाचे रूप घेऊ शकतो आणि तो पुरुषांनाही होतो. मात्र पुरुषांसाठी त्या काळी निराळे, अधिक प्रतिष्ठित नाव वापरले जाई. लक्षणे तीच असूनही स्त्रियांचे खाते निराळे आणि पुरुषांचे निराळे, हा भेद पुढे दीर्घकाळ टिकला.

पॅरिस आणि व्हिएन्ना

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात हजारो निराधार व दुर्धर रोगाने पीडित स्त्रिया ठेवलेल्या होत्या. तेथील प्रमुख वैद्य ज्याँ-मार्तें शार्को हे मज्जाविकारशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. हिस्टेरिया हे ढोंग नसून मज्जासंस्थेचा खरा विकार आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. कामगार पुरुषांमध्ये, विशेषतः अपघातानंतर, तीच लक्षणे दिसतात हेही त्यांनी दाखवून दिले. मेंदूत डोळ्यांना दिसेल अशी इजा नसली तरी त्याच्या कार्यात बिघाड असू शकतो, हा त्यांचा तर्क होता. आजच्या ज्ञानाशी तो बराच जुळतो.

परंतु त्यांची पद्धत सदोष होती. त्यांच्या व्याख्यानांना डॉक्टरांबरोबरच लेखक, कलावंत आणि उत्सुक नागरिक गर्दी करीत आणि त्यांच्यापुढे रुग्ण स्त्रियांना संमोहित करून झटके दाखविले जात. आंद्रे ब्रुइये याच्या १८८७ च्या प्रसिद्ध चित्रात ब्लांश विटमान ही रुग्ण मूर्च्छित होऊन मागे झुकलेली आहे, तिला बाबिन्स्की यांनी सावरले आहे आणि शार्को सभेला समजावून सांगत आहेत. खोलीत पाहणारे सर्व पुरुष आहेत. अशा वातावरणात, वैद्याला जे अपेक्षित आहे तेच रुग्णाकडून नकळत घडू लागते. शार्को १८९३ मध्ये निवर्तले आणि त्यांनी वर्णिलेले ठरावीक टप्प्यांचे भव्य झटकेही लवकरच विरळ झाले.

त्यांचे शिष्य जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये एक साधी पण अमोल कसोटी दिली. तळपाय घासला असता अंगठा वरच्या बाजूस वळला, तर प्रौढ रुग्णात मेंदू वा मेरुरज्जूची इजा असल्याची ती खूण ठरते. आजही डॉक्टर ही खूण पाहतात. इजेमुळे आलेला लुळेपणा आणि हिस्टेरियाचा लुळेपणा यांची वाटणी नुसत्या तर्काने न करता शरीरावरील खुणेने करता येऊ लागली. नोंदी वळत्या करण्यास येथून खऱ्या अर्थाने प्रारंभ झाला.

शार्को यांच्याकडे १८८५-८६ मध्ये शिकण्यास आलेल्या सिग्मंड फ्रॉइड यांनी वेगळी वाट धरली. जोसेफ ब्रॉयर यांच्यासह त्यांनी १८९५ मध्ये हिस्टेरियावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. असह्य भावना मनात दडपली गेली की तिचे शारीरिक लक्षणात रूपांतर होते, हा त्यातील मुख्य विचार. त्या ग्रंथातील ‘अॅना ओ’ ही रुग्ण म्हणजे बर्था पापेनहाइम. आजारी वडिलांची शुश्रूषा करताना तिचा उजवा हात लुळा पडला होता आणि काही काळ ती आपली मातृभाषा जर्मन विसरून केवळ इंग्रजीत बोलत असे. ब्रॉयर तिचे बोलणे तासन्‌तास ऐकत. या पद्धतीला ‘बोलण्याचा उपचार’ हे नावही तिनेच दिले.

ग्रंथात तिचा वृत्तान्त यशस्वी उपचाराचा म्हणून येतो. प्रत्यक्षात त्यानंतरही तिला उपचारगृहात राहावे लागले होते. पुढे हीच स्त्री समाजकार्यकर्ती झाली आणि १९०४ मध्ये तिने जर्मनीतील ज्यू स्त्रियांची संघटना स्थापन केली. अनाथ मुलींसाठी आणि स्त्रियांच्या विक्रीविरुद्ध तिने आयुष्यभर काम केले. पश्चिम जर्मनीने १९५४ मध्ये तिच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. ‘हिस्टेरिया झालेली बाई’ म्हणून जिची वासलात लागू शकली असती, तिचे पुढील कर्तृत्व हे असे होते.

फ्रॉइड यांच्यामुळे रुग्णाचे ऐकून घेण्याची रीत आली, हा मोठा लाभ. पण प्रत्येक लक्षणामागे दडपलेले गुपित असलेच पाहिजे, हा आग्रहही आला. ज्याच्या आयुष्यात तसे काही सापडत नसे, तो काहीतरी लपवीत आहे असे मानले जाई. गर्भाशयावरचा आरोप आता मनावर आला.

रणांगणावरील पुरुष

पहिल्या महायुद्धाने ‘बायकांचा आजार’ ही समजूत मोडीत काढली. खंदकांतून परतणाऱ्या धडधाकट तरुण सैनिकांची वाचा गेली, पाय लुळे पडले, अंग थरथरू लागले. शरीरावर जखम नव्हती. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात ‘शेल शॉक’ या नावाने अशा रुग्णांचे वर्णन केले. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यात अशा रुग्णांची संख्या सुमारे ८० हजारांवर गेली होती. येथेही नावांचा भेदभाव होताच. साध्या शिपायाला ‘हिस्टेरिया’ आणि अधिकाऱ्याला ‘मज्जादौर्बल्य’, अशी निदाने लिहिली जात.

उपचारांतही दोन टोके होती. लंडनमध्ये लुईस यिअलंड विजेचे तीव्र झटके देऊन मुक्या सैनिकांना बोलते करीत. एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे अधिकाऱ्यांशी शांतपणे संवाद करीत आणि युद्धाच्या आठवणी बळेच दडपून टाकू नयेत असे सांगत. हेच रिव्हर्स युद्धापूर्वी निलगिरीत येऊन तोडा जमातीचा अभ्यास करून गेले होते आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

पळून जाणे, भ्याडपणा इत्यादी आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने त्या युद्धात ३०६ सैनिकांना गोळ्या घालून ठार केले. त्यांतील काही जण मनोविकाराने ग्रस्त होते, असे आज मानले जाते. त्या सर्वांना २००६ मध्ये मरणोत्तर माफी देण्यात आली. एका चुकीच्या नोंदीची दुरुस्ती होण्यास नव्वद वर्षे लागली.

१९६५ चा इशारा आणि नव्या कसोट्या

लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील मज्जाविकार रुग्णालयात हिस्टेरियाचे निदान झालेल्या ८५ रुग्णांचा एलियट स्लेटर यांनी पाठपुरावा केला आणि १९६५ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये पुढे मज्जासंस्थेचा अथवा मनाचा दुसराच स्पष्ट आजार असल्याचे निष्पन्न झाले. हे निदान म्हणजे डॉक्टरांचे अज्ञान झाकणारे पांघरूण आहे, असा स्लेटर यांचा रोख होता. उचंत खात्याचे हे जणू कठोर लेखापरीक्षणच होते.

पुढील काळात तपासणीची साधने सुधारली आणि डॉक्टरही सावध झाले. एडिंबरोचे जॉन स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार चुकीच्या निदानाचे प्रमाण १९५० च्या दशकात सरासरी २९ टक्के होते; १९७० च्या दशकापासून ते सुमारे ४ टक्क्यांवर आले. अमेरिकेच्या मनोविकार वर्गीकरणातून ‘हिस्टेरिया’ हे नाव १९८० मध्ये गाळण्यात आले. २०१३ च्या आवृत्तीत त्याजागी मज्जासंस्थेच्या कार्यात्मक लक्षणांचा विकार, म्हणजे ‘फंक्शनल न्यूरॉलॉजिकल सिम्प्टम डिसॉर्डर’, हे नाव ठळकपणे आले.

हा केवळ नामांतराचा भाग नव्हे. पूर्वी ‘तपासणीत काही निघाले नाही’ म्हणून हिस्टेरिया ठरे. आता निदानासाठी विधायक खूण सापडावी लागते. चार्ल्स फ्रँकलिन हूव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी १९०८ मध्ये सांगितलेली कसोटी हे त्याचे उत्तम उदाहरण. रुग्ण उताणा झोपलेला असताना त्याला लुळ्या पायाची टाच खाली दाबण्यास सांगितले तर ती दाबता येत नाही. पण चांगला पाय विरोधाविरुद्ध उचलण्यास सांगितले की त्याच लुळ्या पायाची टाच आपोआप जोराने खाली दाबली जाते. म्हणजे मार्ग शाबूत आहे. इच्छेची आज्ञा त्या मार्गाने पोचत नाही. हातांच्या थरथरीतही दुसऱ्या हाताने ठरावीक ताल धरावयास सांगितल्यावर थरथर थांबते किंवा त्या तालाला मिळते. झटक्यांच्या बाबतीत मेंदूचा विद्युत आलेख आणि चित्रीकरण एकाच वेळी केले, तर अपस्मार आहे की कार्यात्मक झटका, हे बहुतेक वेळा कळते. काही रुग्णांना दोन्ही असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

ही खूण म्हणजे ढोंग पकडण्याची युक्ती नव्हे. उलट ती रुग्णाला दाखविली, तर पाय बरा होऊ शकतो याचा पुरावा त्याच्या हाती येतो. अशाच रुग्णांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विकारामुळे होणारी थरथर आणि त्याच रुग्णांनी मुद्दाम केलेली थरथर यांची मेंदूच्या चित्रणाद्वारे तुलना केली गेली. ‘ही हालचाल मी करीत आहे’ या जाणिवेशी संबंधित असलेल्या मेंदूच्या उजव्या बाजूच्या भागात दोन्ही वेळी वेगवेगळी क्रिया आढळली. अभ्यास लहान होता. परंतु ‘मी हे मुद्दाम करीत नाही’ या रुग्णाच्या म्हणण्याला त्याने दुजोरा दिला. आणखी एक बदल महत्त्वाचा आहे. निदानासाठी आयुष्यात एखादा मानसिक आघात सापडलाच पाहिजे, ही अट २०१३ मध्ये काढून टाकण्यात आली. आघात अनेकांच्या बाबतीत असतो, पण सर्वांच्या नाही. काहींना शारीरिक दुखापत किंवा दुसरा आजार हेच निमित्त ठरते.

उपचारांत निदान स्पष्ट शब्दांत समजावून सांगणे ही पहिली पायरी. लुळेपणा व चालण्यातील दोष यांवर या विकाराची जाण असलेल्या तज्ज्ञाकडून भौतिकोपचार, झटक्यांवर विचार-वर्तन उपचार आणि सोबत नैराश्य वा चिंता असल्यास त्यांवरील औषधे, अशी योजना केली जाते. उपचारांच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. ब्रिटनमधील ३६८ प्रौढ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. विचार-वर्तन उपचाराने वर्षअखेरीस झटक्यांची मासिक संख्या लक्षणीय घटली नाही. मात्र रुग्णांचे दैनंदिन जीवन काही बाबतींत सुधारले.

आपल्या घरातील नोंदी

आयुर्वेदाने ‘अपतंत्रक’ हा झटक्यांचा विकार वातव्याधींत गणला. व्यवहारात मात्र आपल्याकडे अशा रुग्णाला दोनच दरवाजे उघडे असतात. एक मांत्रिकाचा आणि दुसरा ‘नाटक करते’ या शेऱ्याचा. मुलीच्या लग्नाची चिंता, सुनेच्या माहेरची चर्चा आणि व्यापारातील प्रतिष्ठा या कारणांनी आजार घराबाहेर जाऊ दिला जात नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या निमित्ताने बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे ठरविले आहेत. शेऱ्यावर मात्र कोणताही कायदा लागू होत नाही. तो कुटुंबानेच आवरावा लागतो.

घरात असा प्रसंग आल्यास निदान स्वतः करू नये. अचानक आलेला लुळेपणा, वाकडे झालेले तोंड किंवा गेलेली वाचा हा पक्षाघात असू शकतो. त्यासाठी तत्काळ रुग्णालय गाठावे. झटका आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात पाणी किंवा चमचा घालू नये, दातखिळी बळाने उघडू नये. कांदा व चप्पल दूर ठेवावी. झटका पाच मिनिटांहून अधिक चालल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. शक्य असल्यास मोबाइलवर चित्रीकरण करावे. डॉक्टरांना ते शंभर प्रश्नांहून उपयोगी पडते. कार्यात्मक विकाराचे निदान झाले तर ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून विषय मिटवू नये. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा संरक्षण मिळावे, अशी तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. नवकाराचा जप आणि सत्संग मनाला आधार देतात. ते उपचाराच्या सोबत असावेत, उपचाराच्या जागी नव्हे.

गर्भाशय, सैतान, मज्जातंतू, मन यांपैकी प्रत्येक काळाने एकच बाजू पाहिली आणि तीच संपूर्ण मानली. जैन दर्शन अशा एकांगी आग्रहाला दुर्नय म्हणते. आजचे वैद्यक शरीर, मेंदू, मन आणि परिस्थिती या सर्व बाजूंनी एकाच रुग्णाकडे पाहू लागले आहे, हा या दीर्घ प्रवासाचा खरा लाभ. मुखातून निघालेल्या शब्दानेही हिंसा घडते, हे जाणणाऱ्या समाजाने ‘हिला हिस्टेरिया आहे’ हे वाक्य आता बोलण्यातून काढून टाकावे. त्याऐवजी ‘हिला काय होते ते नीट तपासून घेऊ’ असे म्हणावे आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जावे.